बारावीचे गुण आणि दहा मिनिटांचं गाणं

मुलाने किंवा मुलीने संगीतात पदवी घ्यायची ठरवली, की त्या घरात बारावीचं वर्षभर एकच वाद चालतो. आईबाबा म्हणतात, आधी बोर्ड, गाणं कुठे पळून जातंय? गुरुजी म्हणतात, रियाज सुटला तर प्रवेशाच्या चाचणीला काय गाणार? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि बहुतेक वेळा दोघांनीही माहितीपत्रक उघडलेलं नसतं.

ते उघडायचं एकाच गोष्टीसाठी. आपल्याला जिथे जायचंय तिथे बारावीचे गुण हा उंबरठा आहे की तराजू? उंबरठा असेल तर बारावी उत्तीर्ण किंवा ठरावीक टक्के एवढंच लागतं, आणि पुढचं सगळं प्रात्यक्षिक चाचणी आणि मुलाखतीवर ठरतं. तराजू असेल तर गुण आणि चाचणी एकत्र मोजून यादी लागते. तिसरा प्रकार म्हणजे बारावी फक्त पात्रतेपुरती, पण शेजारी एक लेखी प्रवेशपरीक्षा आणि तिच्यानंतर प्रात्यक्षिक. दिल्ली विद्यापीठ किंवा बनारस हिंदू विद्यापीठ मनात असेल तर २०२२ पासून सुरू झालेली सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा, मध्ये येते. पुण्यात ललित कला केंद्र, भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, मुंबईत विद्यापीठाचा संगीत विभाग आणि एसएनडीटी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ, गोव्यात गोवा कॉलेज ऑफ म्युझिक, राज्याबाहेर बडोदा आणि खैरागढ इथली विद्यापीठं. आपल्याकडची मुलं साधारण इथे अर्ज करतात. प्रत्येकाचं गणित वेगळं, आणि ते वर्षागणिक बदलतं. मागच्या वर्षी प्रवेश मिळालेल्या दादाचं ऐकून नियोजन करू नका. यंदाचं पत्रक घ्या, त्यातली ती एक ओळ शोधा आणि तिच्याखाली रेघ मारा.

तराजू असेल तर थोडी आकडेमोड करावी लागते. समजा दोन्हीला निम्मं निम्मं वजन आहे. बारावीचे टक्के ७० वरून ८० वर नेले तर अंतिम यादीत तुमच्या नावावर ५ गुण वाढतात. चाचणीतले गुण ६० वरून ७५ झाले तर साडेसात. आता स्वतःला विचारा, यातलं माझ्यासाठी स्वस्त काय? साठ टक्क्यांवर असलेल्या मुलाला सत्तर गाठणं सोपं असतं, तिथे अभ्यासाचा तास वसूल होतो. पंच्याऐंशीवर असलेल्या मुलीला ब्याण्णवसाठी दिवसाचे तीन तास जास्त द्यावे लागतात, आणि यादीत पदरात पडतात साडेतीन गुण. तेच तीन तास तिने रियाजाला दिले तर फरक कुठे पडेल, हे सांगायला नको. म्हणून जूनमध्येच 'माझ्यापुरता पुरेसा' असा एक आकडा कागदावर लिहावा आणि आईबाबांना दाखवून ठेवावा. जानेवारीत तो वाद पुन्हा निघतोच. तेव्हा तो कागद कामाला येतो.

उंबरठा असेल तर मात्र खरी भीती वेगळी आहे. ६२ टक्क्यांनी कुणाचं अडत नाही, एका विषयातल्या ३३ गुणांनी अडतं. राज्य मंडळाला उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. पुरवणी परीक्षा होते, पण तिचा निकाल येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी चाचण्या आणि प्रवेश उरकलेले असतात. संगीताकडे जाणारी मुलं सगळ्या विषयांत सारखी मागे पडत नाहीत. एकच विषय सुटतो. बहुधा अकाउंट्स किंवा गणित, कारण तो वर्षभर टाळलेला असतो. शिकवणी लावायचीच असेल तर त्या एकाच विषयाची लावा. बाकी पाच विषयांच्या क्लासची फी आणि संध्याकाळ दोन्ही वाचतात.

स्वस्त गुणांचं सांगायचं तर, भाषा आणि कला शाखेच्या विषयांत लेखी ८० आणि तोंडी वा अंतर्गत २०, विज्ञानाच्या विषयांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. वह्या, प्रकल्प, जर्नल हे डिसेंबरअखेर हातावेगळं केलं तर हे गुण जवळजवळ फुकट मिळतात. आपल्या मुलांचे इथेच जातात. कार्यक्रम, स्पर्धा, साथीला जाणं यांत जर्नलवर सही राहते आणि शिक्षक चिडतात. ७५ टक्के हजेरीचंही तसंच. गॅदरिंगला तुमच्याकडून ईशस्तवन गाऊन घेणारं कॉलेज हजेरीच्या वेळी ते विसरतं.

शाखेबद्दल माझं मत कडक आहे. संगीत नक्की असेल तर 'असू द्या हाताशी' म्हणून विज्ञान आणि वर सीईटीचा क्लास घेऊ नये. संगीताच्या पदवीला शाखा सहसा आडवी येत नाही. पण बोर्ड, सीईटी आणि चाचणीची तयारी या तिन्ही गोष्टी फेब्रुवारी ते मेमध्ये एकमेकींच्या अंगावर येतात, आणि सगळ्यात आधी बळी जातो तो रियाजाचा. घरच्यांना दुसरा आधार हवाच असेल तर तो पदवीच्या टप्प्यावर शोधा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी करायला मुभा दिली. दोन्ही वर्गात बसून करायच्या असतील तर वेळा आदळता कामा नयेत, नाहीतर दुसरी दूरशिक्षणाने करता येते. वडिलांशी बोलायला हा मुद्दा 'मला गाण्याची आवड आहे' यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

गंधर्वची प्रमाणपत्रं

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षा बऱ्याच मुलांनी बारावीपर्यंत निम्म्याहून जास्त दिलेल्या असतात. या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. बारावीचं नोव्हेंबर सत्र सोडून द्यावं. त्या दोन महिन्यांत कॉलेजची सत्रपरीक्षा असते, पूर्वपरीक्षा तोंडावर असते, आणि चाचणीचा राग पक्का करायचा काळही तोच असतो. 'मध्यमा पूर्ण', म्हणजे सातांतली पाचवी परीक्षा, अकरावीत संपवलेली उत्तम. राहिली असेल तर एप्रिलमध्ये बोर्डानंतर द्या, किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात.

दुसरं, प्रमाणपत्र आणि चाचणी यांचा स्वभाव उलटा आहे. परीक्षेला राग बरेच आणि प्रत्येकात थोडं थोडं, चाचणीला राग एखाद-दुसरा पण आतपर्यंत. वहीत लिहिलेल्या पाच ताना पाठ करून मध्यमात पहिला वर्ग मिळवलेला मुलगा चाचणीत हमखास एका जागी अडकतो. परीक्षक म्हणतात, "आता बंदिश सोडा, नुसत्या मध्यमाभोवती आलाप करा." म्हणजे 'म' या एका स्वराभोवती. वही संपलेली असते.

जून ते जून

नवं शिकायचा काळ जून ते दिवाळी. एक राग बडा ख्याल (संथ लयीतली बंदिश) आणि छोटा ख्यालासह (जलद लयीतली बंदिश) पूर्ण, दुसरा छोटा ख्याल आणि दहा-बारा आलापांइतका, तिसरा चलन (रागाच्या स्वरांची चाल) आणि बंदिशीपुरता. दिवाळीनंतर नवा राग घ्यायचा नाही, कितीही मोह झाला तरी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठवड्याला एकदा मोबाइलवर तंबोऱ्यासह दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर सगळं चांगलंच वाटतं.

जानेवारीपासून लेखी परीक्षा संपेपर्यंत रियाज चाळीस मिनिटांवर आणा, पण बंद करू नका. पंधरा मिनिटं खर्ज (खालच्या सप्तकातले स्वर), दहा मिनिटं पलटे (स्वरांचे क्रम फिरवून सराव), पंधरा मिनिटं तो एकच राग. तंतुवाद्य वाजवणाऱ्यांसाठी ही अट आणखी कडक आहे. दोन-तीन आठवडे सतार बंद राहिली की बोटाचे घट्टे मऊ पडतात आणि मींड घेताना, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना, तार बोचते. ते पुन्हा तयार व्हायला जो वेळ जातो तो चाचणीच्या वेळातून जातो. तबल्याच्या मुलांनी तीन तास पेपर लिहून आल्यावर त्याच संध्याकाळी जोरात रेला (वेगात वाजणारी बोलांची रचना) वाजवू नये. अंगठा आणि मनगट आधीच आखडलेलं असतं. त्या दिवशी ठाय (संथ) लयीत कायदा, नाहीतर नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं.

गळ्याचा खरा शत्रू थंड पाणी नाही, मोठ्याने पाठांतर आहे. इतिहासाची उत्तरं तीन तास मोठ्याने घोकायची आणि मग खर्ज लावायला बसायचं, म्हणजे थकलेल्या गळ्यावर काम करणं. पाठांतर लिहून करा किंवा मनात करा. तेही जमत नसेल तर रियाज सकाळी आधी आणि घोकंपट्टी नंतर. रात्री दोनपर्यंत जागलेल्याचा सकाळचा खर्ज खरखरतो, त्यावर जोर लावला की घसा बसतो आणि पुढचे चार दिवस जातात. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आवाज फुटल्यानंतर सतराव्या वर्षीही तो पुरता बसलेला असतोच असं नाही. वर्षभरात काळी दोनवरून काळी एकवर, म्हणजे खालच्या पट्टीत, यावं लागलं तर खुशाल या. उंच पट्टीला गुण नसतात. तार सप्तकातला षड्ज ओरडून लावल्याचे जातात मात्र.

मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की सगळे गावाला जातात. जा, पण पंधरा दिवस पूर्ण गप्प बसून परत आल्यावर एकदम पाच तासांचा रियाज करू नका. हा दरवर्षीचा अपघात आहे. पहिल्या आठवड्यात रोज एक तास, दुसऱ्यात दीड, मग दोन, मेमध्ये तीन, तेही दोन बैठकांत. शेवटचा पेपर ते चाचणी हे जे सहा ते दहा आठवडे मिळतात, त्यांतच गाणं चाचणीचं होतं. बोर्डाच्या काळातले रोजचे चाळीस मिनिटं हे आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून असतात.

याच काळात एक घोटाळा होतो. सीयूईटीचे अर्ज बोर्डाच्या लेखी परीक्षेच्या आगेमागेच भरायचे असतात, परीक्षा साधारण मेमध्ये. मुलं पेपर देत असतात, पालकांना ही परीक्षा माहीत नसते, आणि मुदत संपते. शिवाय तो अर्ज भरला म्हणजे विद्यापीठाचा अर्ज झाला असं नाही. विद्यापीठाच्या पोर्टलवर वेगळी नोंदणी असते आणि प्रात्यक्षिकाची सूचना तिथेच लागते. घरातल्या एका मोठ्या माणसाकडे हे काम जानेवारीतच सोपवा. त्यालाच दाखले, जातवैधता, नॉन-क्रीमी लेयर, अधिवास, गंधर्वची प्रमाणपत्रं हा सगळा कागदांचा गठ्ठाही जमवू द्या. पियानो किंवा व्हायोलिन घेऊन इंग्लंडच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये (तिथल्या संगीत महाविद्यालयात) जायचं असेल तर हे वेळापत्रक पूर्ण फिरतं. तिथली अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, ऑडिशन बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे बारावीच्या गणेशोत्सवापर्यंत सगळं तयार हवं.

दहा मिनिटांचा हिशोब

आता गाण्याकडे. चाचणीत दहा मिनिटं मिळतील असं धरा आणि घड्याळ लावून बघा काय बसतं.

बडा ख्याल विलंबित एकतालात, १२ मात्रांचं एक आवर्तन. बऱ्याच मुलांना अतिविलंबित गायला आवडतं, रेकॉर्डिंगमध्ये तसं ऐकलेलं असतं. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन ४८ सेकंदांचं. पाच मिनिटांत सहा आवर्तनं. त्यांतलं एक स्थायीत (बंदिशीचा पहिला भाग) जातं, एक अंतऱ्यात (दुसरा भाग), उरली चार. आणि या लयीत सतरा वर्षांच्या मुलाला दोन मात्रांमधली जागा भरता येत नाही, मुखडा (समेवर आणणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) घाईत उचलला जातो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, निसटते. त्याऐवजी मात्रेला अडीच सेकंद ठेवा. आवर्तन ३० सेकंदांचं, पाच मिनिटांत दहा आवर्तनं, आणि लय हातात राहते. चाचणीपुरती ही लय पुरेशी भारदस्त आहे.

छोटा ख्याल तीनतालात, मिनिटाला १५० मात्रांच्या लयीत, म्हणजे आवर्तन ६.४ सेकंदांचं. तीन मिनिटांत साधारण २८ आवर्तनं. इथे तानेचं गणित वहीऐवजी मुखड्यावरून करावं. मुखडा नवव्या मात्रेला उठत असेल तर समेपासून आठ मात्रा मिळतात, दुगुणीत, म्हणजे मात्रेला दोन स्वर, १६ स्वरांची तान बरोबर बसते. मुखडा सातव्या मात्रेला उठणारी बंदिश घेतली तर मिळतात सहा मात्रा, म्हणजे १२ स्वर. १६ स्वरांच्या पाठ ताना या बंदिशीत घातल्या की मुखडा दोन मात्रा उशिरा येतो, तबलजी सावरून घेतो आणि परीक्षक खाली बघून काहीतरी लिहितात. ज्यांना हे कळतं ते तान घेताना शेवटचे चार स्वर सोडतात. ज्यांना कळत नाही ते तान बदलायच्या ऐवजी लय ओढतात.

सुरुवातीचा आलाप एक मिनिट. मिनिटभर आलाप, पाच मिनिटं बडा ख्याल, तीन मिनिटं छोटा. एक मिनिट तंबोरा लावण्यात आणि तबलजीशी नजरानजर होण्यात जातंच.

पण हा आराखडा पूर्ण गायला मिळेल असं समजू नका. चौथ्या मिनिटाला "तान घ्या" किंवा "छोटा ख्याल ऐकवा" असं म्हणतात. म्हणून त्याच रागाची तीन मिनिटांची, सहा मिनिटांची आणि दहा मिनिटांची अशी तीन रूपं तयार ठेवा. अंतरा आणि ताना शेवटासाठी राखून ठेवू नका, शेवट येतच नाही. मोठ्या बहिणीला समोर बसवून मध्येच कुठेही थांबवायला सांगा आणि थांबवल्यावर दोन आवर्तनांत पुढच्या भागावर जायची सवय करा. हे क्लासमध्ये सहसा कुणी शिकवत नाही.

राग कोणता? दरबारी नको, मारवा नको. दरबारीचा गंधार आंदोलित आहे, आणि घाबरलेल्या गळ्यात आंदोलन आणि थरथर यांत फरक राहत नाही. मारव्यात षड्जावर फार टेकता येत नाही, त्यामुळे सूर कुठे आहे हेच हरवतं. यमन, भूप, बिहाग, बागेश्री, भीमपलास हे राग 'सगळेच गातात' म्हणून टाळू नका. सगळे गातात म्हणूनच तुमचं वेगळेपण तिथे ऐकू येतं. फक्त त्या त्या रागाचा खड्डा माहीत असू द्या. भीमपलासात आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, पण तान वेगात गेली की ते आपोआप घुसतात. भूपात धैवतावर फार रेंगाळलं की देसकार डोकावतो. दोघांचे स्वर तेच, पण भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार आणि देसकाराचा धैवत, आणि तोंडी प्रश्नात हेच विचारतात. चाचणी बहुधा सकाळी अकरापासून दुपारपर्यंत चालते, तेव्हा एक तरी राग त्या वेळेचा असलेला बरा: जौनपुरी, वृंदावनी सारंग. वेळेवरून कुणी नापास करत नाही, पण सकाळी अकराला बागेश्री गाणाऱ्याला "दिवसाचं काही?" असं विचारलं जातं, आणि तिथे गप्प बसणं चांगलं दिसत नाही.

तोंडी प्रश्न फार अवघड नसतात, पण हाताने ताल देत एकतालाची दुगुण म्हणा म्हटलं की निम्मी मुलं फसतात. झपताल, रूपक, एकताल, तीनताल यांचे ठेके एकपट आणि दुगुण, हाताने टाळी-खाली दाखवत, रोज दात घासल्यासारखे म्हणा. रूपकाची सम 'खाली'च्या मात्रेवर असते, तिथे हात सवयीने टाळी देतो. बंदिशीचा अर्थही माहीत हवा. ब्रज भाषेतले शब्द चुकीच्या जागी तोडून वर्षभर गायल्याचं तिथे उघडं पडतं.

तबल्याच्या मुलांना क्रम ठाऊक असतो: पेशकार, एक कायदा सहा-आठ पलट्यांसह, रेला, मग दोन-तीन तुकडे आणि एखादा चक्रदार. चूक होते ती कायदे तीन घेण्यात. एकच घ्या आणि त्याच्या पलट्यांत शिस्त दाखवा. तिहाई पढंत करून मग वाजवा, आणि तिचा हिशोब सांगता यायला हवा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेक मात्रेची दोन विश्रांती, एकूण सतरा, म्हणून १६ मात्रांच्या तीनतालात समेपासून उचलला की शेवटचा धा समेवर. हे बोलून दाखवणाऱ्याकडे परीक्षक वर बघतात. लेहऱ्याला, म्हणजे तबल्यासोबत फिरत राहणाऱ्या धुनेला, पेटीवाला तिथे मिळेल की नाही हे आधी विचारा. मिळणार असेल तरी मोबाइलमध्ये लेहरा आणि स्पीकर ठेवा, आणि हातोडी विसरू नका.

गायकांनी आपली पट्टी अर्जात किंवा आदल्या दिवशी फोनवर कळवावी. तिथला तबला पांढरी चारला लावलेला आणि तुम्ही काळी दोनला, असं झालं की लावालावीत चार मिनिटं जातात आणि ती तुमच्याच दहातून जातात. साथीला आपला माणूस नेता येत असेल तर न्या. पण ज्याच्याबरोबर कमीत कमी तीनदा गायलात तोच, नुसता नावाजलेला नको. आणि पहिलं आवर्तन साथीदाराची लय ऐकून मगच मुखडा उचला. नाही आवडली तर हाताने दाखवून कमी-जास्त करून घ्या, ते चालतं.

मध्येच थांबवून "ठीक आहे, या" म्हणाले तर नापास झालो असं समजून बाहेर रडत बसू नका. त्यांना हवं ते तिसऱ्या मिनिटालाच कळलेलं असतं, चांगलं असो की वाईट. बाहेर आल्यावर काय विचारलं, कुठे थांबवलं, कोणती सम गेली हे लगेच वहीत लिहून काढा. पुढच्या विद्यापीठाची चाचणी बहुधा आठ-दहा दिवसांवर असते आणि तिथेही तोच राग गायचा असतो.